खिडकीवरची वेलांटी

माझ्या खिडकीवर साडेचार महिने एक वेलांटी होती. पहिली. म्हणजे ऱ्हस्व. उंची माझ्या दीडपट, रंग नारिंगी, आणि ती चुकीची होती.

मी मुद्रितशोधक आहे. बावीस वर्षं लोकांच्या पुस्तकांतले काना-मात्रा सरळ करत आले. काम घरीच असतं, खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. दिव्याखाली वाचलेल्या प्रुफावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही. ही भाड्याची जागा अकरा वर्षांपूर्वी घेतली ती त्या खिडकीसाठी. बाकी खोल्या यथातथाच आहेत, नळाचं तर बोलूच नये.

इमारत पाच मजल्यांची, खाली तळमजला. प्रत्येक मजल्यावर रस्त्याच्या बाजूला दोन बिऱ्हाडं, म्हणजे दर्शनी भिंतीवर आम्ही दहा घरं. एके दिवशी जिन्यात कागद लागला : दर्शनी भिंतीच्या गिलाव्याची दुरुस्ती, भाडेकरूंनी सहकार्य करावे. सहकार्य करणं म्हणजे काय तर खिडक्या बंद ठेवणं. परांची बांधली गेली, तिच्यावर धुळीसाठी हिरवी जाळी आली. आम्ही खूश. दोन पावसाळे भिंत ओल धरत होती, निदान आता तरी काही होईल. आठवडा गेला, पंधरवडा गेला, गवंडी काही आला नाही. मग एका सकाळी अकराच्या सुमाराला गच्चीवरून माणसांचे आवाज आले आणि माझी खोली वरून खाली अंधारत गेली. सावकाश, एका लयीत. मी प्रुफावरून मान वर करेपर्यंत टेबलाच्या कडेपर्यंत अंधार आला होता.

खाली रस्त्यावर जाऊन पाहिलं तेव्हा कळलं. पाचव्या मजल्यापासून पहिल्या मजल्यापर्यंत एक बाई हसत होती. वस्तू कुठली ते सांगत नाही, नाहीतर हा लेखही त्यांचीच जाहिरात व्हायचा. बाईच्या गालाखाली दोन शब्द : 'नविन सुरुवात'.

नविन!

आता ज्यांना शाळेतलं आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. 'नवीन'मधला 'वी' दीर्घ. दुसरी वेलांटी अक्षराच्या उजवीकडे येते, पहिली डावीकडे. म्हणजे शब्द बरोबर लिहिला असता तर ती वेलांटी शेजारच्या बिऱ्हाडाच्या खिडकीवर गेली असती. कुणाच्या तरी अशुद्धलेखनामुळे ती माझ्या वाट्याला आली होती. आतून पाहिलं की ती उलटी दिसायची, फिकट. मी रोज सकाळी तिच्याकडे बघत चहा प्यायचे आणि हातातली लाल पेन्सिल खाली ठेवायचे.

इमारतीतले पत्ते आठवड्याभरात बदलले. चौथ्या मजल्यावरचं कुटुंब 'नाकामागे', पाचव्यावरचे दोघे विद्यार्थी 'केसांत', दुसऱ्या मजल्यावरच्या आजी 'खांद्यात'. मुलं तर सरळ विचारायची, 'तू कुठल्या अवयवात राहतोस?' हसण्यावारी नेलं आम्ही ते काही दिवस.

या कापडाला आपण सरसकट फ्लेक्स म्हणतो, पण इमारतींवर ताणतात ते सहसा जाळीचं असतं : पॉलिस्टरच्या धाग्यांची वीण, तिच्यावर पीव्हीसीचा लेप, आणि बाहेरच्या बाजूला छपाई. भोकं ठेवतात ती वाऱ्यासाठी. आमच्या सोयीसाठी ठेवलेली नसतात, पण आम्हाला ती तशी सांगितली गेली. कंपनीचा माणूस म्हणाला, 'मॅडम, आतून सगळं दिसतं. बसच्या काचेवर चिकटवतात ना, तसंच.' त्याचं अर्धं खरं होतं. बाहेर ऊन असतं आणि आत कमी उजेड, तेव्हा नजर भोकांतून बाहेर जाते आणि रस्त्यावरच्याला फक्त चित्र दिसतं. संध्याकाळी आत दिवा लावला की गणित उलटतं. बाहेरचा काळोख आपल्याला दिसत नाही, आणि बाहेरून मात्र आपण दिसतो. पाचव्या मजल्यावरच्या एका मुलाला हे रस्त्यावर उभं राहून समजलं. त्याचा खोलीसोबती बाईच्या केसांत उभा राहून शर्ट बदलत होता.

आणि दिवसाचं तरी काय? उजेड यायचा, नाही असं नाही. पण तो मेलेला उजेड. सावली न पाडणारा. मला सकाळचे साडेनऊ आणि दुपारचे चार यांत फरक करता येईना. त्या महिन्यात एका कवितासंग्रहात माझ्या हातून तीन अनुस्वार सुटले. कवीने फोन करून दाखवले तेव्हा मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. बावीस वर्षांत कवीने मला अनुस्वार दाखवण्याची ही पहिली वेळ.

रात्रीचा प्रकार वेगळा. खालून चार झोत सोडले होते, त्यामुळे अख्खं कापड आतूनही पेटल्यासारखं दिसायचं. चौथ्या मजल्यावरच्या ताईंनी बाळाच्या खोलीच्या खिडकीला गोधडी खिळ्यांनी ठोकली. रात्री डोळ्यांवर उजेड पडत राहिला की शरीरात झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन कमी तयार होतं, हे आता बहुतेकांना माहीत असतं. ताईंना ते माहीत नव्हतं आणि त्यांचं काही अडलंही नाही, बाळ त्यांना रोज रात्री सांगत होतंच. झोप नाहीच तर मी वाचायला लागले. फ्रान्समध्ये प्रकाशित जाहिराती रात्री १ ते सकाळी ६ बंद ठेवायचा नियम २०२२ पासून जवळजवळ देशभर लागू झाला, हे मला रात्री दोन वाजता समजलं, त्याच झोतांच्या उजेडात. दिवा लावायची गरज नव्हती.

परांचीचं निमित्त करून जाहिरात टांगणं ही काही आमच्या मालकांनी लावलेली युक्ती नव्हे. व्हेनिसमध्ये डॉजच्या राजवाड्याची आणि 'उसाशांचा पूल' म्हणतात त्या पुलाची दुरुस्ती चालू होती तेव्हा त्यांच्यावर अशाच अजस्र जाहिराती ताणल्या होत्या. २०१० साली जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांच्या प्रमुखांनी पत्र लिहून त्यांचा निषेध केला. तिथे निदान दुरुस्ती खरी होती, पैसे तिच्यासाठीच लागत होते. आमच्या भिंतीवर साडेचार महिन्यांत सिमेंटचा एक थापा पडला नाही. उलट कापड ताणायला गच्चीच्या कठड्यात गिरमिटाने भोकं पाडून बोल्ट ठोकले, आणि पाचव्या मजल्याच्या छतावर ओलीचा नवा नकाशा उमटला.

मालकांना फोन केला. ते म्हणाले, 'कंपनीशी बोला, मी फक्त भिंत दिलीय.' कंपनीचा नंबर कापडाच्याच खालच्या कोपऱ्यात छापला होता. ते म्हणाले, 'आमचा करार मालकांशी आहे.' असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी, खरं सांगते, मी हरले होते. उजेडाचं काही बोललेच नाही. म्हटलं, 'तुमच्या जाहिरातीत शुद्धलेखनाची चूक आहे.'

पलीकडे शांतता. मग 'होल्ड करा हं, मॅडम.' मग एक वरिष्ठ आवाज आला. त्याने मला 'नवीन' हा शब्द दोनदा फोड करून विचारला, लिहून घेतला, आभार मानले. चौथ्या दिवशी दोरांवरून माणसं उतरली, अख्खं कापड गुंडाळून नेलं. दोन तास माझ्या खोलीत ऊन होतं. मी काही केलं नाही त्या दोन तासांत, नुसती बसून राहिले. मग नवीन कापड खाली आलं. 'नवीन सुरुवात.' वेलांटी बरोबर जागी, म्हणजे शेजारच्यांच्या खिडकीवर.

शेजारचे काका दारात येऊन म्हणाले, 'ताई, तुमची बला माझ्याकडे ढकललीत.'

दहा घरांचा अंधार हलवायला चार फोन पुरले नव्हते. एका वेलांटीने अख्खं कापड हललं. त्या रात्री मला राग आला, तोपर्यंत खरा राग आलाच नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी मी ज्या कामात बरी आहे ते केलं. भाडेकरार काढला आणि प्रूफ वाचतात तसा वाचला, बोटाखाली ओळ धरून.

कलम होतं : 'इमारतीच्या बाहेरील भिंती, गच्ची व आवार यांचा वापर करण्याचा हक्क मालकाकडे राहील.' याच वाक्यावर आमच्यातले अर्धे लोक गप्प बसले होते. पहिल्या मजल्यावरचे काका तर दर वेळी म्हणायचे, 'भिंत त्यांची, त्यांनी तिला काहीही लावावं, आपण कोण?' पण तिथे 'भिंती' लिहिलं होतं. 'खिडक्या' कुठेच नव्हतं. दुसऱ्या पानावर, भाड्याने दिलेल्या जागेच्या वर्णनात मात्र होतं : 'दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्याच्या बाजूस खिडकी.' खिडकी भाड्यात धरली होती. मी त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. शब्दही कसा, पहिली आणि दुसरी, दोन्ही वेलांट्या एकाच घरात नांदवणारा.

ओळखीच्या एका वकीलबाईंनी सांगितलं की इंग्रजी वळणाच्या कायद्यात याला 'क्वाएट एंजॉयमेंट' म्हणतात. नावात 'क्वाएट' असलं तरी ते आवाजापुरतं नाही : भाड्याने दिलेली जागा भाडेकरूला विनाअडथळा वापरता आली पाहिजे, आणि अडथळा खुद्द मालकाने आणता कामा नये. त्यांनी मला १९५६ सालच्या एका इंग्लिश निकालाबद्दल सांगितलं, ओवेन विरुद्ध गॅड. मालकाने दुकानासमोर परांचीचे खांब रोवले, दुकानदार कोर्टात गेला. परांची तात्पुरती होती, दुकानाच्या आत कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. तरी अपील न्यायालयाने मालकाने करार मोडला असंच ठरवलं. मी म्हटलं, 'म्हणजे आपण जिंकणार?' त्या म्हणाल्या, 'जिंकाल, पण तोवर बाळ शाळेत जायला लागेल. आधी जाहिरातीचा परवाना बघा.'

परवान्याची प्रत मिळवायला तीन खेपा झाल्या, त्या सांगत बसत नाही. कागदावर माप होतं : ४० फूट रुंद, २० फूट उंच.

आता वीस फूट म्हणजे दोन मजलेसुद्धा भरत नाहीत. पण हे सिद्ध कसं करायचं? टांगलेल्या कापडाला टेप लावायला कोण चढणार? उपाय सुचवला तो दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी. त्या म्हणाल्या, 'अगं, जिना आतून चढतो तेवढीच भिंत बाहेरून चढते ना?' खरंच की. एका मजल्याला अठरा पायऱ्या, प्रत्येक पायरी सात इंच. मी पट्टी धरली, आजींनी बॅटरी धरली, विद्यार्थ्यांपैकी एकाने लिहून घेतलं. एकशे सव्वीस इंच, म्हणजे साडेदहा फूट. पाच मजले : साडेबावन्न फूट. परवान्याच्या अडीचपटीहून जास्त.

आजींबद्दल थोडं सांगायला हवं. वय ब्याऐंशी, एकट्या. त्यांच्या घरात एकच खिडकी. त्या घड्याळ फारसं बघत नसत. उन्हाची पट्टी कपाटाच्या पायाशी पोचली की चार वाजले, तेव्हा उठायचं, असा त्यांचा हिशेब. कापड आल्यावर त्या पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या होत्या, 'दिवस कळत नाही गं.' मी तेव्हा माझ्या अनुस्वारांच्या दुःखात होते. नीट ऐकलं नाही.

बैठक गच्चीत घेतली, कापडाच्या वरच्या कडेपाशी. मुद्दाम तिथे, कारण तिथे ते ऐकू येतं. वारा नसतानाही दोर कुरकुरतात. वारा सुटला की कापड फुगतं, मागे आपटतं, आणि बोल्ट जिथे ठोकलेत तिथला कठडा हाताला कंप देतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे पाचव्या मजल्यावरच्या मुलांनी समजावलं, एक जण इंजिनिअरिंगचा आहे. जाळीतून थोडा वारा निघून जातो, पण क्षेत्रफळ अडीचपट वाढवलं की ओढही त्याच प्रमाणात वाढते, आणि परवाना देताना हिशेब केलेला असतो तो लहान मापाचा. तेव्हा कुणीतरी घाटकोपर म्हटलं आणि गच्चीवर सगळे गप्प झाले. १३ मे २०२४ला तिथे पेट्रोल पंपावर कोसळलेला फलक १२० फूट बाय १२० फुटांचा होता. मुंबईत परवानगी असते ४० बाय ४०ची. म्हणजे नऊपट. १७ माणसं गेली. आमचं कापड होतं, तिथे लोखंडी सांगाडा होता, तुलना नीट जुळत नाही हे मला कळतं. पण नियमापेक्षा मोठं काय लटकतंय हे कुणी मोजलं नाही, एवढं दोन्हीकडे सारखं होतं.

पहिल्या मजल्यावरचे काका त्या दिवशी प्रथमच म्हणाले, 'आग लागली तर?' हा मुद्दा आमच्यापैकी कुणाला सुचलाच नव्हता. नंतर वाचलं तर लॉस एंजेलिसमध्ये याच कारणाने अग्निशमनवाले अशा जाहिरातींवर नाराज होते : खिडक्या झाकलेल्या असल्या की धूर बाहेर सोडायचा कुठून आणि माणसं काढायची कुठून. तिथे २०१० साली ऑस्करच्या तोंडावर हॉलीवूडमधल्या एका इमारतीवर बेकायदा आठ मजली जाहिरात चढली म्हणून इमारतीच्या मालकाला थेट अटक झाली आणि जामिनाची रक्कम ठेवली दहा लाख डॉलर. हे मी बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. आमच्या मालकांना अटक व्हावी असं मला वाटत नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या ताईंना वाटत होतं.

परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे करायच्या अर्जावर दहापैकी नऊ घरांच्या सह्या झाल्या. दहाव्या घराला मालकांनी भाड्यात सूट दिली होती, त्यांचं त्यांच्यापाशी.

सुनावणीला मी उजेडावर तयारी करून गेले होते. फोटो, खोलीतल्या उजेडाची फोन ठेवून घेतलेली मापं, बाळाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, चांगले होते बिचारे. मग म्हणाले, 'बाई, उजेडाचं आमच्याकडे कलम नाही. मापाचं आहे. मापाचं काही असलं तर बोला.' मी पायऱ्यांचा कागद पुढे केला. त्यांनी चष्मा वर केला. 'पायऱ्या मोजल्यात?' मालकांचे वकील हसले. पण पुढच्या आठवड्यात निरीक्षक लेझरचं यंत्र घेऊन आला, खाली उभा राहून कापडावर लाल ठिपका फिरवला आणि आकडा वाचला : बावन्न फूट आठ इंच. आमचा दोन इंच चुकला. आजी म्हणाल्या, 'एखादी पायरी झिजलेली असेल.'

ब्राझीलमधल्या साओ पावलो शहराने २००६ मध्ये कायदा केला आणि २००७च्या पहिल्या दिवसापासून तो लागू करून सगळ्या बाह्य जाहिरातींवरच बंदी आणली. सुमारे १५ हजार फलक उतरले. उतरल्यावर त्यांच्यामागे काय काय निघालं : पडझड झालेल्या भिंती, झोपड्या, लोकांनी वर्षानुवर्षं न पाहिलेली घरं. मी त्या काळात हे पुन्हा पुन्हा वाचायचे, रात्री मनाला बरं वाटावं म्हणून. आमच्याकडे तसं काही घडणार नव्हतं. आमच्याकडे आदेश आला : फलक मंजूर मापात आणावा.

आणि त्यांनी तो आणला. परांची उतरवली, तिचं काम संपलं होतं. कापड उतरलं आणि नवं आलं, चाळीस बाय वीस, अगदी कागदावरच्याप्रमाणे, दोन लोखंडी चौकटींत ताणलेलं. रस्त्यावरच्या गाड्यांना नीट दिसावं म्हणून खाली लावलं. पहिला मजला आणि दुसरा मजला. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांच्या वर ते थोडंसं भिंतीवर जातं आणि संपतं. तिसऱ्यापासून वर ऊन.

ज्या दिवशी हे झालं त्या दिवशी वरच्या मजल्यांवर कुणीतरी पेढे वाटले. मलाही मिळाला. मी तो हातात घेऊन जिना उतरले, आजींचं दार वाजवलं. आत दुपारी दोन वाजता ट्यूबलाइट चालू होती. त्या म्हणाल्या, 'झालं ना तुझं? बरं झालं. तुझं काम डोळ्यांचं.' पेढ्याचा अर्धा भाग त्यांनी मला परत दिला.

आमचं मागणं आम्हीच मापात लिहिलं होतं. 'मंजूर मापापेक्षा मोठा फलक हटवावा' अशी अर्जाची ओळ, माझीच. मला त्या ओळीचा अभिमान होता, एकही फालतू शब्द नव्हता तिच्यात. पायऱ्या मोजताना बॅटरी धरणारी बाई त्या ओळीत कुठे बसते, हे मी तपासलं नाही. दोन मजल्यांची चार घरं त्याच ओळीने आत ठेवली, आणि आता ती कायदेशीररीत्या आत आहेत.

दुसरा अर्ज लिहायला घेतलाय. या वेळी मापाचं नाव नाही. भाडेकरारातल्या त्या वर्णनापासून सुरुवात केली आहे. आजींच्या करारातही तो शब्द आहे, मी बघितलं. वकीलबाई म्हणतात वेळ लागेल. सह्यांसाठी परवा फिरले. पहिल्या मजल्यावरचे काका काही न बोलता सही करून मोकळे झाले, त्यांच्या शेजारच्यांचीही झाली. चौथ्या मजल्यावरच्या ताई म्हणाल्या, 'बघते हं, आत्ता बाळ झोपलंय.' पाचव्या मजल्यावरचे विद्यार्थी जागा सोडून गेले, नवे आलेत, त्यांना बाई कोण आणि केस कुठले काहीच माहीत नाही. शेजारचे काका म्हणाले, 'ताई, आता पुरे. मालक तसे वाईट नाहीत.'

चार सह्या आहेत आत्ता. आजी सकाळी दहाला वर येतात, वर्तमानपत्र घेऊन. माझ्या खिडकीपाशी दुसरी खुर्ची ठेवलीय. बाराच्या सुमाराला ऊन टेबलाच्या कडेवरून खाली उतरतं, तेव्हा त्या घडी घालतात आणि उठतात.